शितळासप्तमीची चूल

“शितळासप्तमीला चूल पेटवू नको हां सूनबाई, शितळाआई तिच्यात निजायला येते,” असं सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात बजावलं होतं. यंदा सप्तमीलाच देवीची लस टोचणाऱ्या बाई आल्या आणि सुया उकळायला त्यांनी चूल मागितली. मी म्हटलं, “उद्या या ना.” “लस सक्तीची आहे, काकी. उद्या मी राजोडीला. नाही टोचली तर कचेरीत नाव कळवावं लागेल.” ओटीवरून आमचे हे कडाडले, “खुशाल कळवा! शितळाआईच्या सणाला तिच्यावरच सुई उगारता?” थोरल्या लेकीला असंच टोचायचं राहिलं होतं आणि ती देवीच्या तापात गेली होती. धाकटीचं राहू देणार नाही, असं थोरलीच्या उशाशी कबूल केलं होतं. देव्हाऱ्यातल्या आईला हात जोडले, धाकटीला कडेवर घेतलं आणि सुयांचं भांडं उचललं. “कुठं चाललीस?” “कुंपणापलीकडं. जुलियानाबाईकडं सप्तमी नसते, तिची चूल पेटलेली आहे,” म्हणत मी पायरी उतरले.