फोमला तेल

पुतणीला पहिली नोकरी लागली त्या वर्षी वहिनीने शेडमधल्या मोटरसायकलवरची ताडपत्री काढली आणि दिराला बोलावणं धाडलं.

"पोरगी म्हणते, बाबांचीच गाडी दुरुस्त करून चालवीन," ती म्हणाली. "सुरुवात एअर फिल्टरपासून करा, भाऊजी."

तो दारातच थबकला. एकेकाळचा नावाजलेला मिस्त्री आता गोदामावर पहारा करीत होता. थोरला भाऊ गेल्यापासून त्याने पान्याला हात लावला नव्हता.

"दुसरा कुणी बघा, वहिनी."

"दुसऱ्यालाच दाखवायची असती तर सोळा वर्षं झाकून कशाला ठेवली असती?"

तो गाडीपाशी खाली बसला. थोरला जाण्याआधी फिल्टरचा फोम त्यानेच धुतला होता, सावलीत वाळवला होता, घाईत बसवलाही होता. पण तेल लावलं होतं का? कोरडा फोम धूळ अडवत नाही, आणि थोरल्याचा रस्ता खडीच्या खाणीवरून. अकराव्या दिवशी उतारावर इंजिन जाम झालं आणि थोरला गेला. ही शंका त्याने कुणापाशी बोलून दाखवली नव्हती.

झाकणाचा स्क्रू मुकाट्याने फिरला. त्याने डोळे मिटून आत बोटं घातली. फोम दबला, फुगून वर आला. बोटं चिकट झाली.

"तेल आहे," तो म्हणाला. जरा वेळाने पुन्हा म्हणाला, "वहिनी, तेल आहे याला."

"असणारच. तुम्ही कधी विसरलात?"

त्याचा जीव भांड्यात पडला. मग फोमही घमेल्यात पडला. साबणाच्या पाण्यात त्याने तो धुवायला घेतला.

"पिळू नका, दाबा. फाटेल," वहिनी म्हणाली.

"मिस्त्रीला शिकवता होय?"

"तुमच्याकडूनच शिकले. मिस्त्री बरेच दिवस रजेवर होता, म्हणून म्हटलं."

तो हसला. फोम वाळल्यावर त्याने तेल चोळलं, जास्तीचं दाबून काढलं, आणि संध्याकाळी शीळ घालत घरी गेला. जाताना म्हणाला, "उद्या पाने घेऊन येतो. इंजिन उघडू."

तो वळणाआड होईपर्यंत वहिनी दारात उभी राहिली. मग तिने फळीवरचा पत्र्याचा डबा काढला आणि तिनेच बसवलेल्या नव्या फोमची रिकामी पिशवी त्यात कोंबली. डब्याच्या तळाशी जुना फोम होता, धुळीने भरलेला, तेलाचा थेंबही न लागलेला. थोरला सोळा वर्षांपूर्वी एका मंगळवारी वारला. हा फोम तिने त्याच आठवड्यातल्या गुरुवारी काढला होता.