उजव्या मांडीवरचा बाण

केसपेपरवर लिहिलं होतं, ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या’, आणि पेंटरबाई सही करायला तयार नव्हत्या.

उजवा पाय बोटभर आखूड झाला होता. पाऊल बाहेरच्या अंगाला कललेलं, दुसऱ्या कुणाचं आणून जोडावं तसं. जरा हललं की कळ थेट डोळ्यांत यायची. तरी कागद त्यांनी पालथा घालून छातीशी धरला होता आणि पेन बोटांत, ब्रश धरतात तसं. सत्तरी ओलांडलेली बाई. चाळीस वर्षं दुकानांच्या पाट्या रंगवलेली. दुसऱ्यांचं खोटं तिनं हवं तेवढं लिहिलं होतं, ‘एकच भाव’, ‘सेवा हसतमुखानं’. पण ते दुकानदारांचं. हे तिच्या हाडाचं होतं.

खोटं सांगितलं होतं थोरल्या मुलानं, दाखल करताना. आता तो खाटेच्या पायथ्याशी उभा राहून दबक्या आवाजात समजावत होता, की या वयात आईला शिडीवर चढवलं म्हटल्यावर लोक तोंडात शेण घालतील, आणि शिडी धरली कुणी होती, असंही विचारतील. हे म्हणताना त्यानं बायकोकडे बघायचं टाळलं. ती खिडकीशी उभी होती, कोपराला पट्टी बांधून, मान खाली घालून.

डॉक्टर एक्स-रे घेऊन आले. खिडकीच्या उजेडात धरून त्यांनी दाखवलं. मांडीचं हाड, देहातलं सगळ्यांत लांब, सगळ्यांत दणकट. पण त्याचा वरचा गोळा खुब्यात बसतो, तिथली मान बारीक असते. ती मोडली होती.

पेंटरबाईंनी एक डोळा मिटून बघितलं. “खालची रेघ सरळ आहे,” त्या म्हणाल्या. “वरचं वळण गेलंय.”

डॉक्टरांना हसू आलं. मग त्यांनी नीट सांगितलं. घरातल्या घरात वावरणारं माणूस असेल तर अर्धाच सांधा बदलतात, नुसता गोळा. काम लवकर आटपतं, वॉकर धरून न्हाणीघरापर्यंत जाता येतं. हिंडत्या-फिरत्या माणसाला पूर्ण सांधा बसवतात, पण ते ऑपरेशन मोठं. “आणि आजी, तुम्ही तर घरातच असता, असं मुलगा म्हणाला.”

“आजी तुमच्या घरी. मी पेंटर आहे.”

मग त्यांनी सगळं सांगितलं. चष्म्याच्या दुकानाची पाटी, शिडीची नववी पायरी, शेवटचं एक अक्षर राहिलेलं. दोन्ही हात मोकळे हवेत म्हणून त्या उजवी मांडी पायरीत अडकवून उभ्या राहायच्या. चाळीस वर्षं हीच मांडी त्यांचा तिसरा हात होती. तिला न्हाणीघरापर्यंतचा सांधा बसवणार म्हणे.

डॉक्टरांनी थोरल्याकडे बघितलं. तो ओशाळून म्हणाला, की वेदनेनं बरळतेय, कामं सोडून तिला वर्षं झाली.

“बरळत नाहीत त्या.” खिडकीपाशी उभी असलेली सून बोलली. लग्नाला बारा वर्षं झाली, पण नवऱ्याचं बोलणं तिनं चारचौघांत कधी खोडलं नव्हतं. “शिडी मी धरली होती. सोडली नाही. शिडीसकट आडवी झाले.”

“झालं,” थोरला म्हणाला. “आता लोक म्हणणार, सुनेनं पाडली.”

“म्हणू देत,” पेंटरबाई म्हणाल्या. “लोक नुसतं वाचतात. लिहिते मी.”

डॉक्टर मात्र चिडले. नऊ पायऱ्यांवरून पडणं वेगळं आणि न्हाणीघरात घसरणं वेगळं, पाठीचे मणके, मनगट, डोकं, सगळं पुन्हा तपासावं लागेल, हे त्यांनी थोरल्याला चांगलं सुनावलं. केसपेपरवरची ओळ खोडून त्यांनी नवी लिहिली, ‘काम करताना शिडीवरून पडल्या’. बाकीचं ठीक निघालं तर पूर्ण सांधा बसवू म्हणाले, पण त्यावर शिडी चढता येईल याची हमी नाही.

“हमी कुणी मागितली? चढायचं माझं मी बघते.”

आणि त्यांनी सही केली, सावकाश, खाली शेपटी काढून.

मणके शाबूत निघाले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना स्ट्रेचरवर घेतलं. चूक होऊ नये म्हणून, ज्या पायाचं ऑपरेशन त्यावर आधी खूण करतात. डॉक्टरांनी चादर बाजूला केली, जांभळ्या पेननं उजव्या मांडीवर बाण काढला आणि पेनाला टोपण लावू लागले.

पेंटरबाईंनी मान उचलून बघितलं. बाणाची एक बाजू लांब, दुसरी थिटी, दांडा मध्येच पुसट.

“हा बाण आहे की चिरडलेला कोळी?” त्या म्हणाल्या. “आणा इकडे.”

स्ट्रेचरचा उशाकडचा भाग वर करायला लावला. उठताना ओठ पांढरे पडले, पण आवाज निघाला नाही. सून मागे येऊन उभी राहिली आणि तिनं दोन्ही हातांनी सासूचे खांदे पकडले.

“नीट धर गं.”

“धरलंय, आई.”

पेंटरबाईंनी श्वास रोखला. एका ओढीत दांडा, मग दोन्ही बाजू, मोजल्यासारख्या सारख्या, आणि एका अंगाला सावलीची बारीक रेघ. वॉर्डबॉय थांबला. डॉक्टर घड्याळ बघायचं विसरले. चार लोक बघताहेत म्हणून थोरला पुढे झाला आणि आईचा उघडा पाय झाकायला त्यानं चादर ओढली.

“हात लावू नकोस,” पेंटरबाई म्हणाल्या. “ओलं आहे.”