निकाल लागेस्तोवर

कशेडी घाटात दरड कोसळली आणि श्रीधर वकील पलीकडे अडकले. म्हणून महाडच्या दिवाणी न्यायालयात राहीबाईंची बाजू मांडायला त्यांची ज्युनिअर स्नेहल उभी राहणार होती. फाईल तिच्या हातात तासाभरापूर्वीच पडली होती.

"एवढ्या पावसात कुडपणहून मोटरसायकलवर आलात आजी?"

"यानं आणलं."

मागे रेनकोटातला माणूस पिशवी सांभाळत उभा होता.

"मुलगा का?"

"व्हय. येवढा एकच."

त्याने केळं सोललं आणि आईच्या उजव्या कानाशी वाकला. "आये, खा गो. सोमवार हाय म्हणून चक्कर येऊन पडायचं हाय का?"

राहीबाईंनी केळं घेतलं, बोलल्या काहीच नाहीत. डाव्या कानाने त्यांना ऐकू येत नव्हतं. दावा त्याच कानाचा होता.

स्नेहलने भराभर पानं चाळली. प्रतिवादी यशराज शेलार. वादीही शेलारच, पण कुडपणात निम्मं गाव शेलारांचं. देवळात गावकीची बैठक होती. शेजाऱ्याच्या शेताचा बांध यशराजनेच सरकवला, असं राहीबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि त्याने त्यांच्या कानशिलात मारली. कोर्टाची नोटीस त्याने सही करून घेतली होती, पण उत्तर दिलं नव्हतं की तारखेला आलाही नव्हता.

"दवाखान्याचा खर्च मिळेल आजी. पण दंडात्मक भरपाई, म्हणजे त्याला अद्दल म्हणून जादा रक्कम, ती कोर्ट सहजासहजी देत नाही."

"मला तीच हवी."

"मग पोलिसात का नाही गेलात?"

"आत टाकला असता त्याला. पोरगी ल्हान हाय त्याची." राहीबाईंनी पदर सारखा केला. "साहेबानं भर कोर्टात म्हणावं, हे वाईट केलं. गावात कोण बोललं नाय. निकाल लागेस्तोवर मी बी त्याच्याशी बोलायची नाय. महादेवाला बेल वाहून सांगितलंय तसं."

"तुमचा मुलगा होता तेव्हा तिथे?"

"होता."

"आणि त्याने हात धरला नाही त्याचा?"

"नाय."

मुलाने पिशवी बाकावर ठेवली. "मी गाडीपाशी थांबतो," म्हणाला आणि पावसात निघून गेला.

स्नेहल ओशाळली. "तसं नव्हतं म्हणायचं मला. किती करतो तो तुमचं."

"करतो. पयल्यापासून करतो."

सुनावणी लांबली नाही. स्नेहलने वय सांगितलं, देऊळ सांगितलं, भरलेली बैठक सांगितली. न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं.

"त्याने माफी मागितली का आजी?"

"मागितली, साहेब. दार लावून मागितली. मारलं चारचौघांत."

न्यायाधीशांनी उत्तर टिपून घेतलं. मग त्यांनी निकाल सांगायला सुरुवात केली. भरल्या बैठकीत वृद्ध स्त्रीवर हात उचलणं हा निव्वळ उद्दामपणा आहे. दवाखान्याच्या खर्चाखेरीज जी रक्कम द्यायची, ती शिक्षा म्हणून.

राहीबाईंनी जागच्या जागी हात जोडले.

बाहेर पाऊस ओसरला होता. मुलगा सीट पुसत होता. आईला पाहून तो थांबला, पण काही विचारायचा धीर त्याला झाला नाही. राहीबाई त्याच्याजवळ गेल्या आणि त्यांनी त्याच्या ओल्या बाहीवर हात ठेवला.

"लागला निकाल, यशराज," त्या म्हणाल्या. "चल, बोलत बोलत जाऊ घरी."