पिवळी पट्टी

“गाडी दारात उभी आहे. तू निघ आता,” हिलरीने टॅम्सिनला सांगितलं.

टॅम्सिन गोंधळली. तिचा क्लोजअप नुकताच झाला होता. आता कॅमेरा फिरवून समोरच्या म्हाताऱ्या नटाचा, सर ऑब्रेंचा, चेहरा घ्यायचा होता. अशा वेळी आपण कॅमेऱ्याला खेटून उभं राहायचं, आपली वाक्यं म्हणायची, म्हणजे समोरच्याला बोलायला माणूस मिळतो, हे नाट्यशाळेतून कालपरवा बाहेर पडलेल्या त्या पोरीलाही ठाऊक होतं. करारात हे कुठे लिहिलेलं नसतं, साधी माणुसकी असते. आज सर ऑब्रेही तिच्यासाठी थांबले होते. कामं मिळेनाशी झाली की माणूस थांबायला शिकतो.

“पण त्यांच्यासमोर कोण उभं राहणार?”

“ते माझ्यावर सोड,” हिलरी म्हणाली.

पोरगी गेली. हिलरीने दिव्याचा एक रिकामा स्टँड ओढत आणला, कॅमेऱ्याशेजारी ठेवला आणि टॅम्सिनच्या डोळ्यांच्या उंचीवर पिवळ्या चिकटपट्टीचा तुकडा डकवला. सेटवरचे लोक एकमेकांकडे बघायला लागले, कारण दिग्दर्शिका असली कामं करत नाही. पण हे काम तिला दुसऱ्या कोणाला द्यायचं नव्हतं.

तीस-एक वर्षांपूर्वी, लंडनबाहेरच्या अशाच एका गारठलेल्या स्टुडिओत, अशीच पट्टी तिच्यासमोर होती. ती लँकशायरहून आलेली, पहिलाच सिनेमा, आणि ऑब्रे पेनरोज म्हणजे त्या काळचं केवढं प्रस्थ. स्वतःचा क्लोजअप झाल्याबरोबर त्यांनी कोट चढवला. “तू करशील गं छान, डार्लिंग,” म्हणाले आणि गेले. ते सगळ्यांनाच डार्लिंग म्हणत, म्हणजे नावं लक्षात ठेवायची कटकट नाही. हिलरीने पडद्यावरचं आपलं पहिलं प्रेम एका चिकटपट्टीला कबूल केलं आणि मागे चहा पीत उभे असलेले कामगार खुदकन हसले. ते हसू तिच्या कानातून कधी गेलं नाही. पुढे ती नायिका झाली, मग आई झाली, मग आईच्या भूमिकाही येईनात, तेव्हा लिहायला बसली. लिहिलेलं दुसऱ्याच्या हाती नको म्हणून दिग्दर्शन शिकली. लोक म्हणाले, बाई जिद्दीची. जिद्द कशाची, ते तिने कोणाला सांगितलं नाही.

तिच्या या सिनेमात घर सोडून गेलेला बाप म्हातारपणी मुलीच्या दारात येतो. काम एका दिवसाचं, पण त्यासाठी तिने सर ऑब्रेंचाच हट्ट धरला. त्यांना हल्ली कुत्रंही विचारत नव्हतं, त्यामुळे सगळ्यांना तिचा मोठेपणा वाटला. बापाचं वाक्य तिने फार जपून लिहिलं होतं. ते तिला त्यांच्याच तोंडून ऐकायचं होतं, तेही पट्टीसमोर, चार लोकांत.

सर ऑब्रे काठी टेकत जमिनीवर आखलेल्या खुणेवर येऊन उभे राहिले. काठी कोणाकडे तरी दिली, समोर पाहिलं.

“ती मुलगी कुठाय?”

“घरी गेली. पट्टीकडे बघून बोला, सर ऑब्रे. तुम्ही कराल छान.”

मागे कोणीतरी खुसखुसलं. हिलरीला फार बरं वाटलं, इतकं की स्वतःचीच थोडी लाज वाटली. पहिल्या टेकला म्हातारा अडखळला. मग वाक्यच विसरला. कॅमेरामन तिच्याजवळ येऊन हळूच म्हणाला की पोरीला परत बोलावू, गाडी अजून फार लांब गेली नसेल. हिलरीने नकारार्थी मान हलवली. पुन्हा घ्यायला सांगितलं.

या वेळी सर ऑब्रेंनी पट्टीवरची नजर काढली. कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूला हिलरी उभी होती. ते तिच्याकडे बघत राहिले, ओळख पटल्यासारखे. त्यांचे ओठ थरथरले.

“मी थांबायला हवं होतं,” ते म्हणाले. मध्येच आवंढा आला. “मला माफ कर, पोरी.”

उजव्या डोळ्यातून एकच थेंब सुटला.

कट म्हणायचं हिलरीला सुचलंच नाही, शेवटी कॅमेरामनने आपणहून कॅमेरा बंद केला. इतक्या वर्षांचा राग असा उभ्या जागी विरून जाईल, हे तिला कोणी सांगितलं असतं तर तिने त्याला वेड्यात काढलं असतं. पण तो विरला होता. तिने माफ केलं होतं, अगदी मनापासून. ती पुढे झाली आणि त्यांचा गार हात तिने दोन्ही हातांत धरला.

“म्हणजे तुम्हाला आठवतंय,” ती म्हणाली.

“काय गं, डार्लिंग?” त्यांनी हात हळूच सोडवून घेतला. “नजर चुकली ना माझी? पट्टीकडे बघायचं होतं. एकदा परत घेऊ. आता जागा सापडली आहे मला.”

कॅमेरा सुरू झाला. सर ऑब्रेंनी पट्टीकडे पाहिलं. बघत राहिले, ओळख पटल्यासारखे. ओठ तसेच थरथरले, आवंढा त्याच जागी आला आणि उजव्या डोळ्यातून एकच थेंब सुटला.