खेळून ठरवू

जपानात म्हाताऱ्यांची सेवा करायच्या नोकरीसाठी मुदखेडच्या रेणुका आणि तनुजा, दोघी बहिणींची निवड झाली. पण लकवा होऊन बाजेवर पडलेल्या आबांपाशी एकीला थांबावंच लागणार होतं.

"भांडायचं न्हाई, खेळून ठरवू," तनुजा म्हणाली.

खेळ नांदेडच्या जपानी भाषेच्या क्लासातला, कराओकेचा. जपानी गाण्याच्या नावाचं शेवटचं अक्षर धरून पुढचं गाणं निवडायचं आणि मोबाइलवर लावून गायचं. ज्याच्या गाण्याच्या नावाशेवटी 'न' आला, तो हरला. हरेल त्यानं घरी राहायचं.

एकमेकींकडं न बघता दोघी जिवाच्या आकांतानं गात होत्या. आबा ऐकत होते. पोरींचा सराव ऐकून ऐकून त्यांनाही ती नावं पाठ झाली होती.

"मुरा नो उमी," तनुजा म्हणाली. "दे की आता 'मी'वरून! क्लासात लई मिरवत होतीस."

रेणुकाला एकच गाणं आठवत होतं, शेवटी 'न' असलेलं. तिचे डोळे भरून आले.



"मीनामी नो मिकान," वाकड्या तोंडानं आबाच बोलले. "हरलो मी. मी ऱ्हातो हितं. तुमी दोघीबी जावा."