अर्धा तास थांबायचं

भुईनळ्याची वात जेमतेम तीन सेंटीमीटर होती आणि टोकाला करडी पडली होती. बाबांनी ती बोटांनी हलकेच सरळ केली, भुईनळा अंगणाच्या मधोमध फरशीवर नीट टेकवला आणि मुलीकडे वळून विचारलं, "हा माल कुठून उचललास?"

"कोपऱ्यावरच्या दुकानातून. मागच्या वर्षीचा आहे, अर्ध्या किमतीत दिला."

"दमट आहे. त्याने तुझ्या हातून गोदाम झाडून घेतलं."

मुलगी हसली. दिवसभर प्रयोगशाळेत रक्ताच्या नमुन्यांवर वाकून तिची पाठ धरली होती. तिने मुद्दाम आवाज न करणारे, जमीन न सोडणारे फटाके घेतले होते. थोड्या फुलबाज्या, चार भुईचक्रं, सहा भुईनळे. तिच्या लेकीचा, ठमीचा, आज नववा वाढदिवस होता. ठमीसाठी ही संध्याकाळ वाढदिवसाची होती. तिच्या आईसाठी परीक्षेची.

मुलीची आई गेल्यापासून बाबा या घरात एकटेच राहत. गेल्या सहा महिन्यांत एकदा गॅसवर रिकामं पातेलं जळून काळं झालं होतं, दोनदा किल्ली बाहेरून दारालाच लटकत राहिली होती. "आता आमच्याकडे राहायला या," हे वाक्य ती तेव्हापासून तोंडात घेऊन फिरत होती. दर रविवारी यायची, चहा प्यायची, ते वाक्य तसंच परत घेऊन जायची. दोन-तीन नमुन्यांवरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं बसमध्ये स्वतःला सांगायची. आज मात्र ठरवून आली होती. बाबांचं काही चुकलं तर आजच बोलायचं. नाही चुकलं तर विषय बंद.

आणि बाबांचं काहीच चुकत नव्हतं. एकतीस वर्षं त्यांनी दगडाच्या खाणीत सुरुंग उडवले होते. दोन बादल्या पाणी, एक बादली वाळू भिंतीशी तयार होती. ठमीचा झुळझुळीत फ्रॉक बदलायला लावून तिला सुती कपडे आणि बूट घालायला लावले होते. विझलेली प्रत्येक फुलबाजी पाण्यात जात होती. वात पेटवायला हातभर लांबीची काठी होती, आणि दर वेळी आधी शिट्टी. खाणीतलीच शिट्टी, तोच मळका दोरा.

"आजोबा, शिट्टी मला द्या ना."

"शिट्टी मागून मिळत नाही, ठमाबाई. आणि एकदा काढून घेतली की परत मिळत नाही. माझा सगळ्यात हुशार गडी, न उडालेल्या सुरुंगाजवळ अर्धा तास व्हायच्या आत गेला. त्याला खरचटलंसुद्धा नाही. तरी त्याच दिवशी शिट्टी काढून घेतली."

"रडला तो?"

"रडला. मग मी त्याला चहा पाजला. शिट्टी नाही दिली."

चार भुईनळे छान उडाले. पाचव्याची वात पेटली, सुरसुरत आत गेली आणि काहीच झालं नाही.

"जागचं कुणी हलायचं नाही," बाबा म्हणाले. त्यांनी खिडकीतून आतल्या घड्याळाकडे पाहिलं. "सात वाजून दहा. अर्धा तास थांबायचं. मग पाणी."

मुलीच्या छातीवरचं ओझं उतरलं. मिनिटासकट सांगितलं त्यांनी. विषय बंद. ती पायरीवर बसली, चपला काढल्या, पाय लांब केले. ठमी केकचा दुसरा तुकडा घेऊन तिला टेकली. बाबा खुर्चीत बसून सदऱ्याच्या टोकाने चष्मा पुसत राहिले. तिचे डोळे मिटायला लागले.

शिट्टी वाजली.

तिने डोळे उघडले तेव्हा घड्याळात सात एकवीस झाले होते आणि बाबा अंगणाच्या मधोमध होते. काठीचं टोक पेटलेलं होतं. "हा एक लावायचा राहिलाच की," असं पुटपुटत ते वात शोधायला भुईनळ्यावर वाकले. तोंड अगदी त्याच्यावर आलं.

"बाबा!"

ती आयुष्यात त्यांच्यावर कधी ओरडली नव्हती. बाबा होते तिथेच थांबले.

"आजोबा, तो मघाशीच लावलात तुम्ही," ठमी हळूच म्हणाली. "तुम्हीच म्हणालात ना, थांबायचं."

बाबांनी भुईनळ्याच्या काळ्या पडलेल्या तोंडाकडे पाहिलं. मग हातातल्या काठीकडे. पाठ न फिरवता ते एकेक पाऊल मागे आले आणि काठी बादलीत बुडवली. मुलीने दुसरी बादली उचलून लांबूनच भुईनळ्यावर ओतली. पाण्याखाली काहीतरी चर्रकन विझलं. तो आवाज तिघांनीही ऐकला.

आता बोलायला हवं होतं. तिने तोंड उघडलं.

"मालच दमट होता, बाबा," ती म्हणाली. "चूक माझी आहे. स्वस्तात मिळतं म्हणून काहीही उचलून आणते मी. आणि अंधार किती झालाय, कुणाच्याही लक्षात..."

बाबांनी तिला पुरतं बोलू दिलं नाही. गळ्यातला दोरा डोक्यावरून काढला, शिट्टी तिच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं मिटली. दोरा घामाने ओला होता.

"आधी मला चहा पाज," ते म्हणाले. "मग बॅग भरायला मदत कर. मी तुमच्याकडे राहायला येतोय."