सासरी न्यायचा डबा

"सकाळची पहिली एसटी धर, केतकी. जावईबापू स्टँडवर येणार आहेत," जेवताना बाबा म्हणाले. सासरी न्यायच्या लाडवांचा डबा आईने फडक्यात बांधून तयार ठेवला होता. मी मान खाली घालून भात कालवत राहिले. भर मे महिन्यात माझ्या बाह्या मनगटापर्यंत होत्या.

"अहो, इंग्रजीच्या क्लासात आज बाईंनी 'एलिफंट इन द रूम' शिकवलं," आई म्हणाली.

"म्हणजे?"

"खोलीतला हत्ती. घरात एवढं मोठं काहीतरी असतं, सगळ्यांना दिसतं, आणि सगळे न दिसल्यासारखे जेवत राहतात."

बाबांचा घास हातातच राहिला. "संसारात थोडंफार व्हायचंच," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

आईने माझा हात ओढला आणि बाही कोपरापर्यंत सारली. काळेनिळे वळ त्यांच्या ताटासमोर उघडे पडले. "बघा," ती म्हणाली. बाबांनी बघितलं.

मग तिने डब्याचं फडकं सोडलं. आठवडाभर कुणाला हात लावू न दिलेल्या लाडवांतला एक माझ्या ताटात वाढला, एक बाबांच्या.

"खा," ती म्हणाली. "आता हे घरीच संपवायचेत."